निरोपाची वाट : खान्देशातील भूमिगतांपासून टॉरपर्यंत

निरोपाच्या गुप्ततेला दोन अंगे असतात. मजकूर लपवणे हे एक आणि तो कोणी कोणाला धाडला हे लपवणे हे दुसरे. मजकुरासाठी सांकेतिक भाषा पुरते. वाट लपवणे अवघड, आणि माणसे पकडली जातात ती बहुधा वाटेवरूनच. ब्रिटिश अमदानीत १८८५ चा तार कायदा आणि १८९८ चा टपाल कायदा यांनी सरकारला निरोप अडवून पाहण्याचा अधिकार दिला होता. लिफाफा न फोडताही त्यावरचा पत्ता आणि टपालाचा शिक्का पोलिसांना बरेच काही सांगून जाई.

१९४२ च्या चले जाव चळवळीतल्या दडपशाहीत खान्देशालाही निरोपाची वाट लपवावी लागली. ९ सप्टेंबरला, तेव्हाच्या पश्चिम खान्देशातील नंदुरबारला गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार साथीदार हुतात्मा झाले. अमळनेरला शिक्षक राहिलेले साने गुरुजी भूमिगत झाले, ते १९४३ मध्ये मुंबईत पकडले गेले. त्याच काळात समाजवादी नेते एस. एम. जोशी ‘इमाम अली’ या नावाने वावरत होते. नाव बदलणे हा झाला गोपनीयतेचा जुना मार्ग. भूमिगत कामाचा त्याहून पक्का नियम वेगळाच असतो : निरोप नेणाऱ्याला पुढच्या एकाच माणसाचे ठिकाण ठाऊक असावे. जे माहीतच नाही ते कितीही मार खाल्ला तरी सांगता येत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीतून निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातील चिमठाण्याजवळ लुटला गेला. रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये होती. या मोहिमेतले जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी ही साताऱ्याच्या भूमिगत प्रतिसरकारची माणसे, तर डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील खान्देशातले. खजिना कधी आणि कोणत्या रस्त्याने निघणार, ही बातमी साताऱ्याला टपालाने कळवण्याजोगी नव्हती. याउलट मुंबईच्या गुप्त काँग्रेस रेडिओची गत. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी प्रक्षेपणाची जागा सतत बदलत होते. तरी १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलीस पोहोचले, कारण ठिकाण ठाऊक असलेला एक तंत्रज्ञ फितूर झाला. सगळे ठाऊक असलेला एक माणूस फुटला की सगळेच हाती लागतात.

इंटरनेटवरची निनावी जाळी ही अडचण यंत्राच्या पातळीवर सोडवतात. डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये यामागची मूळ कल्पना मांडली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तिला आजचे रूप आले. २००२ मध्ये टॉर हे असे जाळे सर्वांसाठी खुले झाले, आणि २००६ पासून ते एक ना-नफा संस्था सांभाळते. गुप्तहेरांच्या सोयीसाठी जन्मलेली वस्तू सर्वांना का दिली? त्याचे उत्तर सरळ आहे. जे जाळे फक्त नौदल वापरते, त्यातून येणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच ठरतो. गर्दी असेल तरच लपता येते.

जळगावात कोणी टॉर ब्राउझरमधून एखादे पान उघडले, तर त्याची मागणी थेट त्या संकेतस्थळाकडे जात नाही. ब्राउझर स्वयंसेवकांनी चालवलेली तीन यंत्रे निवडतो आणि मागणीवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी तीन कुलपे चढवतो. पहिले यंत्र आपले कुलूप काढते. त्याला जळगावचा पत्ता दिसतो, मुक्काम दिसत नाही. मधल्याला फक्त मागचा आणि पुढचा शेजारी कळतो. शेवटच्याला मुक्काम कळतो, पण मागणी कोणाची ते कळत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला इतकेच दिसते की हा ग्राहक टॉर वापरतो आहे.

याला मर्यादा आहेत. वेग मंदावतो. आपल्या नावाच्या खात्यात लॉग-इन केले की सगळी तटबंदी वाया जाते. दोन्ही टोकांवर एकाच वेळी पाळत ठेवणारा वेळेचा मेळ घालून माणूस ओळखू शकतो. एकाच कंपनीच्या यंत्रातून वाट काढणाऱ्या व्हीपीएनमध्ये तर दोन्ही टोके एकाच कंपनीला ठाऊक असतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले.

निनावीपणाविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप, अफवा पसरवणारा सापडत नाही हा, खान्देशातूनच येतो. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. देशात तेव्हा मेसेजवरून पसरणाऱ्या अफवांमुळे अशा घटना वाढत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांवर मेसेजचा पहिला प्रेषक शोधून देण्याची जबाबदारी टाकली, आणि व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

पहिला प्रेषक शोधण्याच्या या आग्रहामागचा संताप रास्त होता, पण निदान नेमके नव्हते. व्हॉट्सॲपवर येणारा मेसेज निनावी नसतो, पाठवणाऱ्याचा नंबर समोर असतो. अफवा खरी वाटते ती बहुधा ओळखीच्या माणसाकडून आल्यामुळेच. शिवाय तिथे मजकूर कुलूपबंद असला तरी कोण कोणाशी बोलतो ते कंपनीला कळू शकते. टॉर नेमके तेच झाकते.

कायद्याच्या बाजूने पाहिले, तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. टॉर वापरण्यास मनाई करणारा कायदा भारतात नाही. त्यातून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो.