महासाथीचे स्मरण : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या संदर्भात

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात १८९६ च्या प्लेगला जे स्थान मिळाले ते १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला मिळाले नाही. वास्तविक मृत्यूंचा वेग पाहता दुसरी साथ अधिक भीषण होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्याच घटली. तरीही साथ म्हणताच रँडचा अंमल, २२ जून १८९७ ची रात्र व चापेकर बंधू आठवतात. रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच निधन पावलेल्या सावित्रीबाई फुले आठवतात. प्लेगच्या शोकाला संतापाचा आणि हौतात्म्याचा आधार मिळाला. इन्फ्लुएन्झाला नायक नव्हता, खलनायकही नव्हता. 'मानमोडीची साथ' म्हणून ती घरगुती आठवणींतच उरली.

कोविड-१९ च्या स्मरणाचा प्रश्न या पार्श्वभूमीवर तपासण्यास कल्याणपुढील ही तीन शहरे उपयुक्त ठरतात. अंबरनाथचे शिवमंदिर अकराव्या शतकातील. उल्हासनगर मात्र दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत सिंधमधील निर्वासितांनी वसवले व ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्यास हे नाव मिळाले. या शहराच्या सामूहिक स्मृतीचा प्रारंभच विस्थापनाच्या शोकात आहे. तेथे प्लेगची स्थानिक आठवण असणार कोठून?

तिन्ही शहरांना जोडणारा खरा धागा लोकलचा. मार्च २०२० मध्ये ती थांबली. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती सुरू झाली. सर्वसामान्यांना ती पुढे कधी वेळेच्या बंधनात मिळाली, कधी मिळालीच नाही. लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवेश मिळाला. परळच्या नातलगाने बदलापूरच्या दहाव्याला यायचे कसे, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ सोयीचा राहिला नाही. अंत्यविधीस वीस जणांची मर्यादा होती. मृतदेहास स्नान घालण्यास मनाई होती. मराठी घरातला तेरावा असो वा सिंधी घरातली पगडी, चार माणसे जमणे हाच त्या विधीचा गाभा. शोकविधी म्हणजे केवळ कर्मकांड, ही सुधारकी समजूत येथे अपुरी ठरते.

या मृत्यूंनाही प्लेगसारखे हौतात्म्य लाभलेले नाही. त्यांचे साम्य १९१८ शी अधिक आहे. अभ्यासकाच्या हाती राहतात त्या स्मशानांतील नोंदवह्या, पालिकांचे मृत्यूचे दाखले आणि भ्रमणध्वनीवरून फिरलेले श्रद्धांजलीचे संदेश. यांपैकी शोकाचे शब्द फक्त तिसऱ्या साधनात आहेत, आणि भ्रमणध्वनी बदलताच नष्ट होण्याची शक्यताही त्यांचीच सर्वाधिक.