पिशवींतील बारा सोंगट्या

एका पिशवींत बारा सोंगट्या आहेत. चार पांढऱ्या आणि आठ काळ्या. तिघे खेळाडू डोळे बांधून, ठरलेल्या क्रमानें, आळीपाळीनें एकेक सोंगटी काढतात. ज्याच्या हातीं प्रथम पांढरी सोंगटी येईल तो जिंकला. तर तिघांच्या जिंकण्याच्या संभवाचें परस्परांशीं प्रमाण काय?

हा प्रश्न डच शास्त्रज्ञ ख्रिश्चियान हायगेन्स यांचा. लंबकाचें घड्याळ सिद्ध करणारे हायगेन्स ते हेच. द्यूताच्या गणितावरील त्यांचा छोटासा लॅटिन निबंध १६५७ सालीं त्यांचे गुरु फ्रान्स व्हान स्कूटेन यांच्या ग्रंथास जोडून छापला गेला. संभाव्यतेच्या गणितावरील पहिला मुद्रित निबंध म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या अखेरीस वाचकांच्या बुद्धीस आव्हान म्हणून पांच प्रश्न दिलेले आहेत. सोंगट्यांचा प्रश्न त्यांतला दुसरा.

प्रश्न सोपा दिसतो. परंतु त्यांत एक गोष्ट सांगितलेलीच नाहीं. काळी सोंगटी निघाली, तर ती पुन्हां पिशवींत टाकावयाची, कीं बाहेरच ठेवावयाची?

हायगेन्स यांच्या मनांत ती परत टाकावयाची होती. तसें केलें म्हणजे पिशवी प्रत्येक वेळीं पहिल्यासारखीच राहते, आणि पांढरी निघण्याचा संभव नेहमीं एक तृतीयांश. पहिल्याला काळी आली तरच दुसऱ्याची पाळी. म्हणून दुसऱ्याचा वाटा पहिल्याच्या दोन तृतीयांश, आणि तिसऱ्याचा दुसऱ्याच्या दोन तृतीयांश. उत्तर आलें ९ : ६ : ४.

१६६५ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमचे गणिती योहानेस हुडे यांच्याशीं हायगेन्स यांचा या विषयावर पत्रव्यवहार झाला. दोघांचीं उत्तरें जुळेनात. हुडे यांनीं घेतलेल्या अर्थानें योग्य उत्तर येतें ७७ : ५३ : ३५. त्यांनीं काळी सोंगटी बाहेर ठेवली होती. मग पहिल्या वेळीं बारांत चार पांढऱ्या, दुसऱ्या वेळीं अकरांत चार, तिसऱ्या वेळीं दहांत चार. प्रत्येक अपयशानें पुढच्याची आशा वाढते, आणि फार तर नवव्या सोंगटीला खेळ संपतोच. भेद होता तो प्रश्नाच्या अर्थाचा.

हा फरक किती? हजार डावांत पहिला खेळाडू एका रीतीनें सुमारें ४७४ वेळां जिंकेल, दुसऱ्या रीतीनें सुमारें ४६७ वेळां. त्यानें गमावलेले सात डाव इतर दोघांकडे जातात, बहुतेक दुसऱ्याकडे. एका डावांत न जाणवणारी ही तफावत हजार डावांत एखाद्याचा खिसा हलका करते.

याकोब बर्नुली यांचा या शास्त्रावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १७१३ सालीं, बाझेल येथें प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या भागांत हायगेन्स यांचा निबंध सटीक छापला आहे. तेथें बर्नुली यांनीं या प्रश्नाचे तीन अर्थ वेगळे करून दाखविले: सोंगटी परत टाकणें, बाहेर ठेवणें, आणि प्रत्येक खेळाडूस स्वतंत्र बारा सोंगट्या देणें.

हा सारा खटाटोप केवळ खेळापुरता नव्हता. त्या काळीं हॉलंडमध्यें सरकार एकरकमी पैसे घेऊन लोकांना आजन्म वर्षासनें देत असे. १६७१ सालीं तेथील राज्यकारभाराचे सूत्रधार यान द विट यांनीं अशा वर्षासनाची किंमत ठरविण्याचें गणित मांडलें, आणि त्या बाबतींत त्यांचा विचारविनिमय झाला तो याच हुडे यांच्याशीं. वर्षासनदारांच्या यादींतून जो एकदां गेला तो पुन्हां यादींत येत नाहीं. दरवर्षीं यादी आंखडत जाते. मृत्यूनें उचललेली सोंगटी पिशवींत परत पडत नाहीं, आणि हें विसरून मांडलेला हिशेब चुकतो.

म्हणून, श्रोतेहो, कोणी आपणांस संभवाचा आंकडा सांगितला, तर तो पडताळण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: काढलेली सोंगटी परत टाकली होती काय?