घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा : स्टॅम्प पेपरवर सही करण्याआधी वकील का गाठावा? शहापूर-मुरबाडकरांसाठी सविस्तर माहिती

शहापूर / मुरबाड (प्रतिनिधी) : गावाकडे नवरा-बायकोचं बिनसलं की पहिली बैठक घराच्या ओटीवर बसते. दोन्हीकडचे मामा, काका, गावातली चार जाणती माणसं येतात. कधी समजूत पटते आणि संसार पुन्हा मार्गी लागतो. तसं झालं तर चांगलंच. पण नाही जमलं तर कुणीतरी म्हणतं, "चला, स्टॅम्प आणू आणि फारकत लिहून मोकळे होऊ." शंभर-पाचशेचा स्टॅम्प येतो, चार साक्षीदार सह्या करतात, नोटरीचा शिक्का बसतो. मुलं कुणाकडे राहणार, हेही त्यातच दोन ओळींत उरकतं.

याचा त्रास पुढे दोन-चार वर्षांनी कळतो. नवरा दुसरं लग्न करतो आणि पहिली बायको तक्रार करते. बाई पोटगी मागायला जाते तर तिच्याच सहीचा कागद तिच्यासमोर धरला जातो. बापाला मुलाला भेटायचं असतं, पण कागदात भेटीबद्दल अक्षरही नसतं. म्हणून कुठलीही सही करण्याआधी वकिलाला विचारणं गरजेचं आहे. वकील म्हणजे नुसतं भांडण वाढवणारा माणूस, हा समज काढून टाका. तो नेमकं काय करतो ते पाहू.

स्टॅम्प पेपरची फारकत चालते का?

हिंदू विवाह कायदा, १९५५ हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. या कायद्यानुसार झालेलं लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. नोटरीला घटस्फोट देण्याचा अधिकार नाही. केंद्राच्या विधी खात्यानेही २०२४ मध्ये नोटरींना तसं बजावलं आहे.

एक अपवाद आहे. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मान्य करतो (कलम २९). पण ती रूढी पूर्वापार चालत आल्याचं न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. "आमच्यात असंच असतं" एवढं सांगून भागत नाही.

कागदावरच्या फारकतीवर विसंबून दुसरं लग्न केलं आणि पहिलं लग्न कायद्याने शिल्लक निघालं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसऱ्या बायकोलाही कायद्याने पत्नीचा दर्जा मिळत नाही. म्हणजे फसते ती तीही.

अजून एक गोष्ट महिलांनी नीट लक्षात ठेवावी. फारकतीच्या कागदात हमखास लिहिलेलं असतं, "आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत, पुढे काही मागणार नाही." पोटगीच्या कायद्यात मात्र नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला पोटगी मिळत नाही, अशी तरतूद आहे. त्यामुळे ती एक ओळ पुढे तुमच्याविरुद्ध वापरली जाते. मुलांच्या पोटगीचा हक्क मात्र आई-बाप कुणीच कागदावर सोडून देऊ शकत नाही.

आदिवासी कुटुंबांसाठी वेगळा मुद्दा

आपल्या दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती मोठी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ (२) नुसार, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांच्या लग्नाला आणि काडीमोडीला समाजाची रूढी लागू असते. म्हणून आदिवासी पक्षकाराने जमातीचा मुद्दा वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावा. नाहीतर चुकीच्या कायद्याखाली अर्ज दाखल होतो आणि काही वर्षं त्यातच जातात.

पोटगीचा फौजदारी कायदा आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ हे मात्र सगळ्या जाती-धर्मांना आणि जमातींना लागू आहेत. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून काही पाड्यांवर जोडपी विधी न करताच संसार थाटतात. अशी बाई लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिली असेल तर तिलाही हिंसाचार कायद्याचं संरक्षण मागता येतं. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांसाठी घटस्फोटाचे कायदे वेगळे आहेत.

जात पंचायतीने निवाडा मानला नाही म्हणून कुणाला वाळीत टाकलं, तर तो महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे.

कोणतं काम कोणत्या कोर्टात?

बरेच जण इथेच गोंधळतात. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं न्यायालय आहे. पोटगीचा अर्ज (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४४, हेच पूर्वीचं १२५) आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज या न्यायालयात करता येतो. बाई माहेरी राहत असेल तर माहेरच्या हद्दीतलं न्यायालयही चालतं. म्हणजे सासर लांबच्या जिल्ह्यात असलं तरी प्रत्येक तारखेला तिकडे जायला नको.

घटस्फोटाचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे चालत नाही. तो जिल्हा न्यायालय, अधिकार दिलेलं वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय किंवा त्या हद्दीत कुटुंब न्यायालय असेल तर तिथे करायचा असतो. लग्न जिथे झालं, दोघं शेवटी एकत्र जिथे राहिले किंवा समोरचा माणूस जिथे राहतो, त्या हद्दीत अर्ज करता येतो. अर्ज पत्नीचा असेल तर ती सध्या राहते तिथेही करता येतो. मुलाच्या पालकत्वाचा अर्ज पालक व पाल्य कायदा, १८९० खाली होतो आणि मूल नेहमी जिथे राहतं, त्या हद्दीत तो करावा लागतो. यातला कोणता अर्ज आधी आणि कुठे करायचा, हे ठरवून देणं हे वकिलाचं पहिलं काम.

संमतीने की एकतर्फी?

दोघांची तयारी असेल तर कलम १३-ब खाली संमतीचा घटस्फोट मिळतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हा थांबा योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. हुकूमनामा होईपर्यंत कुणालाही संमती मागे घेता येते. म्हणून अटी आधीच नीट लिहून घ्याव्यात. मूल कुणाकडे, भेट कधी, रक्कम किती हप्त्यांत, शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च कुणाचा, लग्नातले दागिने आणि भांडी कधी परत करायची, हे सगळं तारखेसकट लिहिलेलं हवं. दोघांत मिळून एकच वकील केला की खर्च वाचतो, पण सहीआधी अटींचा कागद दुसऱ्या वकिलाला दाखवलेला बरा.

एकाचीच तयारी असेल तर क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार अशी कायद्यातली कारणं पुराव्याने सिद्ध करावी लागतात. लग्नाला एक वर्ष होण्याआधी साधारणपणे अर्जच करता येत नाही. हुकूमनामा मिळाला तरी लगेच दुसरी सोयरीक जुळवू नका. अपिलासाठी ९० दिवसांची मुदत असते.

पोटगी : सातबाराही कोर्टात जातो

"शेतीत काय उरतं, माझ्याकडे पगार कुठाय?" असं सांगून पोटगी चुकवता येत नाही. नागपूरच्या एका दाम्पत्याच्या प्रकरणात तिथल्या कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५ हजार आणि लहान मुलाला आधी ५ व पुढे १० हजार रुपये अंतरिम पोटगी ठरवली. नवरा वर लढत गेला. पत्नीचा अर्ज २०१३ चा होता. शेवटी ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात सगळ्या देशासाठी नियम घालून दिले.

त्यानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते. तसंच दोन्ही बाजूंनी आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगायची असतात. शेतकऱ्यांसाठी या प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना आहे. जमीन किती आणि कुठे, ओलिताची की कोरडवाहू, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटाईने केलेली शेती, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, जमिनीवरचं कर्ज असं सगळं त्यात भरावं लागतं. जमीन महामार्गात गेली असेल तर मोबदल्याच्या ठेवीचं व्याज हेही उत्पन्नच. खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. दुसरीकडे, खरोखर कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला आपली अडचण कागदासकट मांडायची संधीही याच नमुन्यात मिळते.

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा सांगतो. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करा. त्याहून जुन्या थकबाकीसाठी वॉरंट मिळत नाही. "देईल उद्या" म्हणत थांबलेल्या कितीतरी बायांचे पैसे असेच बुडतात.

मुलं कुणाकडे?

"मुलगा सात वर्षांचा झाला की बापाचा" हे आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं. हिंदू कायद्यात असा नियम नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे ठेवावं, एवढंच १९५६ चा कायदा म्हणतो. बाकी सगळं मुलाच्या हितावर ठरतं. कुणाकडे जमीन जास्त, कुणाचं घर पक्कं, एवढ्यावर ताबा मिळत नाही. मुलाला शाळेत कोण सोडतं, आजारपणात कोण जागतं, घरात दारू-मारहाण आहे का, हे पाहिलं जातं. मूल समजतं झालेलं असेल तर न्यायाधीश त्याचंही म्हणणं विचारात घेऊ शकतात. भावंडांची ताटातूट शक्यतो होऊ देत नाहीत.

ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचं नातं तुटत नाही. भेटीचा हक्क मागता येतो. फोन आणि व्हिडिओ कॉलवर बोलू देण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. इथे वकिलाला आपली परिस्थिती सांगा. बाप भिवंडीच्या गोदामात कामाला आणि आई डोळखांबकडे माहेरी असेल, तर "दर रविवारी भेट" एवढं लिहून भागत नाही. मूल कुठून न्यायचं, शेवटच्या एसटीआधी किती वाजता परत आणायचं, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, हे आदेशात यावं. परिस्थिती बदलली तर आदेशही बदलून मागता येतो.

मुलाला शाळेतून परस्पर उचलून नेऊ नका. "बापाकडे जायचं नाही" असं पढवूही नका. दोन्ही गोष्टी मुलाला जड जातात आणि न्यायालयातही अंगाशी येतात.

पैसे नाहीत, तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळतो. महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतर पुरुषांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तालुका न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. असा वकील मिळाल्यावर त्याला वेगळी फी द्यायची नसते.

मदतीसाठी फोन : मोफत कायदेशीर सल्ला १५१००, महिला हेल्पलाइन १८१, बालकांसाठी १०९८, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२.

वकिलाकडे जाताना सोबत काय न्यावं?

• लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला असल्यास तो
• मुलांचा जन्मदाखला आणि शाळेचा बोनाफाईड
• आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला
• सातबारा, आठ-अ, बँक पासबुक, पगाराची किंवा डेअरीची पावती
• दवाखान्याचे कागद, पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत, मोबाईलमधले मेसेज (काहीही डिलीट करू नका)
• आधी लिहिलेला फारकतीचा कागद असेल तर तोही. लपवू नका.

फी किती आणि कोणत्या टप्प्याला, हे आधीच विचारा आणि पावती मागा. वकीलपत्रावर सही करताना ते वाचून घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. केस दाखल झाली की १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबर लिहून घ्या. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि केस कुठवर आली ते मोबाईलवरच दिसतं. नुसती तारीख विचारायला मजुरी बुडवून तालुक्याला जायला नको.

गावची बैठक समेटासाठी जरूर बसावी. पण तिथे लग्न मोडल्याचा आणि मुलांच्या वाटणीचा कागद होत असेल, तर सही करण्याआधी एक दिवस मागून घ्या आणि तो कागद वकिलाला दाखवा.