स्वच्छ आकाशातला भोवरा : डेल्टा ९५७०

३० मे १९७२ची सकाळ. टेक्सासमधील डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन शहरांच्या मधोमध ग्रेटर साउथवेस्ट नावाचा विमानतळ होता. प्रवाशांनी त्याच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती. रिकाम्या धावपट्ट्यांचा उपयोग विमान कंपन्या आपल्या वैमानिकांच्या सरावासाठी करीत.

त्या दिवशी तेथे दोन विमानांचा सराव चालू होता. एक अमेरिकन एअरलाइन्सचे प्रचंड डीसी-१०. हा प्रकार प्रवासी सेवेत येऊन वर्षही झाले नव्हते. दुसरे डेल्टाचे लहानसे डीसी-९. त्यात कंपनीचे तीन वैमानिक आणि सरकारी हवाई खात्याचा एक निरीक्षक, असे चौघेच. प्रवासी एकही नाही.

डीसी-१० धावपट्टीला चाके टेकवून न थांबता पुन्हा उडत होते. त्याच्या मागोमाग उतरण्याची परवानगी डीसी-९ने मागितली. नियंत्रण मनोऱ्याने ती दिली, सोबत पुढील विमानामुळे हवा खवळलेली असेल अशी सूचनाही दिली. दोहोंतील अंतर सुमारे सव्वादोन सागरी मैल, म्हणजे जेमतेम मिनिटभराचे.

धावपट्टीच्या तोंडाशी येताच डीसी-९ डोलू लागले आणि क्षणार्धात उजवीकडे जवळजवळ काटकोनात कलंडले. उजवा पंख जमिनीला घासला, विमान उलटले, पेटले. चौघेही मृत्युमुखी पडले.

यंत्रात बिघाड नव्हता. मग घडले काय?

उडत्या विमानाच्या पंखाखाली हवेचा दाब अधिक असतो, वर कमी. खालची हवा पंखाच्या टोकाला वळसा घालून वर धावते आणि प्रत्येक टोकामागे एक लांबच लांब आडवा भोवरा तयार होतो. विमान जितके जड आणि संथ, तितका तो बलवान; उतरताना विमान संथच असते. पूर्वी वैमानिक या गचक्यांचा दोष पुढच्या विमानाच्या पंख्यांना देत. खरा कर्ता पंख होता. शिवाय जोराचा वारा भोवरा लवकर मोडतो, शांत हवेत तो रेंगाळतो. ज्या हवामानाला वैमानिक उत्तम म्हणतात, तेच येथे घातक ठरले.

चौकशी मंडळाच्या अहवालातील सर्वांत महत्त्वाचा भाग नियमांविषयीचा आहे. रडारच्या मार्गदर्शनाखाली येणाऱ्या विमानाला अवजड विमानामागे ठरावीक अंतराचे संरक्षण मिळे. डोळ्यांनी पाहून येणाऱ्याला मात्र केवळ सावधगिरीची सूचना मिळे, आणि उरलेला अंदाज त्याने स्वतः बांधायचा. जो भोवरा दिसतच नाही त्याचा अंदाज वैमानिकाने कशाच्या आधारे बांधावा? मंडळाने स्पष्ट म्हटले की, धोक्याची तीव्रता वा जागा जोखण्याइतकी माहिती या वैमानिकांपाशी नव्हती. सगळा दोष मृतांच्या माथी मारणे सोपे होते. मंडळाने ते केले नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.

या अपघातानंतर अवजड विमानामागील अंतराचे नियम कडक झाले. आज मुंबईतही मोठ्या विमानाचा वैमानिक मनोऱ्याशी प्रथम बोलताना आपल्या नावापुढे ‘हेवी’ हा शब्द जोडतो. त्यावरून मागच्याला किती दूर ठेवायचे ते ठरते.

जानेवारी १९७४मध्ये शेजारीच डॅलस-फोर्ट वर्थचा नवा विमानतळ सुरू झाला आणि ग्रेटर साउथवेस्ट बंद पडला.