क्रमाने वाचलेले पुराण

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हे गाव सीमेवरचे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले आणि खुद्द बोथ आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून ते तेलंगण राज्यात आहे. या भागात मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा कानी पडतात. घरात बोलावयाची भाषा एक आणि देवळात पोथीपुढे बसल्यावरची भाषा दुसरी, हा अनुभव अशा सीमाभागास नवा नाही. आमच्या कोकणी बांधवांस तर तो शेकडो वर्षांचा परिचयाचा आहे. आज ज्या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, त्याचे मूळ याच अनुभवात आहे.

पारायण म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय असोत की गुरुचरित्राचा सप्ताह असो, आरंभापासून समाप्तीपर्यंत नेमाने आणि ठरल्या क्रमाने ग्रंथ वाचणे, मधला अध्याय न गाळणे, आवडता प्रसंग आधी न उघडणे, हा त्याचा आत्मा. आपल्या आवडीनिवडीस काही काळ बाजूस ठेवून ग्रंथाच्या मागून चालणे, हीच त्यातील साधना होय. ही साधना केवळ आपल्यातच आहे, असा आपला समज असतो. परंतु आपल्याच ओवी छंदात, आपल्याच पुराणाच्या घाटात ख्रिस्ती धर्मग्रंथाची कथा क्रमाने ऐकण्याची प्रथा सतराव्या शतकात गोमंतकात सुरू झाली होती, ही गोष्ट फार थोड्यांच्या स्मरणात आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशर परगण्याचे. जेझुइट संघात प्रवेश करून ते १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचा बहुतेक काळ साष्टीत गेला. ते आले तो काळ मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने मोठा भाग्याचा होता. पैठणच्या एकनाथ महाराजांनी १५७३ मध्ये काशीस भागवतावरील टीका पुरी केली होती आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. गोमंतकातही ओवी नवी नव्हती. केळशीच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्येच भागवताच्या दशम स्कंधावर आपली कृष्णचरित्रकथा रचावयास घेतली होती.

परंतु त्याच केळशीची दुसरी कथाही येथे सांगितली पाहिजे. ती वगळून पुढे जाणे सत्यास धरून होणार नाही. कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० मध्ये रातोरात नदीपार प्रियोळास नेला गेला आणि केळशीची श्रीशांतादुर्गा १५६६ मध्ये कवळ्यास आली. पुढल्याच वर्षी साष्टीतील देवळांचा सरसकट विध्वंस झाला. जे धर्मांतर करून मागे राहिले, त्यांच्या हातातील पोथ्या काढून घेण्यात आल्या. देव गेला, देऊळ गेले, आणि सायंकाळी ज्या कथेभोवती गाव जमत असे, ती कथाही गेली.

ही पोकळी स्टीफन्स यांनी ओळखली. त्यांच्या ग्रंथाच्या प्रारंभीच एक ब्राह्मण त्यांस विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर तशीच दुसरी आम्हांस का करून देत नाही? हा प्रश्न वाचताना आमच्या मनात दोन भाव एकदम उठतात. ज्या सत्तेच्या छायेत पुराणे बंद झाली, तिच्याच आश्रयाने आलेल्या मिशनरी संघातील माणसाच्या लेखणीतून तो उतरावा, याचे दुःख होते. आणि कथेवाचून माणूस जगत नाही हे त्या परक्या माणसाने इतके नेमके जाणावे, याचे आश्चर्यही वाटते.

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथाचे दोन भाग. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू, म्हणजे अध्याय; मिळून ओव्या जवळजवळ ११,००० आहेत. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा चालते. दुसऱ्यात येशूचा जन्म, उपदेश, मृत्यू, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण येते. रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे हे पुराण वाचले जात असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक स्टीफन्स यांनी लोकांच्या बोलीत, कोकणीत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापले गेले. त्यांचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. पुराणासाठी मात्र त्यांनी मराठी निवडली आणि सामान्य श्रोत्यांस कळावी म्हणून तीत कोकणीचे सोपे शब्द मिसळले. नियम शिकवावयाचे ते घरच्या भाषेत आणि कथा ऐकवावयाची ती पुराणाच्या भाषेत, ही त्या समाजाची जुनी वहिवाट त्यांनी मोडली नाही.

आणि क्रमही मोडला नाही. बायबल हे एक पुस्तक नसून अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. त्यात इतिहास, विधिनियम, स्तोत्रे, प्रवक्त्यांची वचने, चरित्रे आणि पत्रे एकापाठोपाठ येतात. नवा वाचक पहिल्या पानापासून निघाला तर कथाभाग संपून यज्ञयागाचे विधी सुरू होताच बहुधा थकतो. स्टीफन्स यांनी या विस्तारातून एक अखंड कथासूत्र काढले. पतन कसे झाले हे आधी ऐकावे, आश्वासन काय मिळाले ते मग ऐकावे, आणि त्यानंतरच उद्धाराची कथा ऐकावी, म्हणजे ती मनात रुजते, अशी या रचनेमागील दृष्टी दिसते. गीतेचा अठरावा अध्याय सतरा अध्याय चालून आलेल्या साधकासच आपले पूर्ण मर्म देतो, असे आपण मानतो. तेच हे.

या ग्रंथाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला आणि ज्या भाषेत उपदेश झाला तीच राज्यकर्त्यांस नकोशी झाली. ज्यांनी आमची पुराणे बंद केली, त्यांच्याच राज्यात त्यांच्या स्वतःच्या पुराणाच्या भाषेवरही बंदी आली! तरी ग्रंथ मेला नाही. मंगळूरकडे गेलेल्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितांच्या रूपाने तो जपला. त्या पोथ्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरास तो पुन्हा छापला, आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यास त्याची देवनागरी आवृत्ती काढली. ज्या वर्षी बोथ तालुक्याची वाटणी झाली, त्याच वर्षी हे पुराण देवनागरीत आले, हा योगायोग आम्हांस मनोवेधक वाटतो. सीमा कागदावर आखता येतात. पोथी मात्र ऐकणाऱ्याच्या मागून जाते.

क्रमाने वाचण्याचे सामर्थ्य किती असते, याचे आणखी एक उदाहरण देतो. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावकडे जात असता एका अपरिचित युरोपियन प्रवाशाने त्यांस नवा करार दिला. टिळकांची शिस्त अशी की, पुस्तक हाती घेतले की खुणा करीत आरंभापासून वाचावयाचे. तसे वाचीत ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांपर्यंत, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापर्यंत, आले आणि तेथे खिळून राहिले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या घराची त्यामुळे जी होरपळ झाली, ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त सर्वांनी वाचली आहे. पुढे टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले, ते अपुरे राहिले, आणि ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनीच.

हे वाचून कोणी म्हणेल, अशा वाचनात धोका आहे. धोका नाही असे आम्ही म्हणत नाही. जो ग्रंथ मनापासून व क्रमाने वाचला जातो, तो वाचकास जसाच्या तसा राहू देत नाही. परंतु बदल म्हणजे धर्मांतरच, असे मात्र नव्हे. ‘गीताई’कार विनोबांनी नव्या कराराचे अध्ययन केले, त्यातील वचने निवडून त्यांस क्रम लावला आणि ‘ख्रिस्तधर्मसार’ सिद्ध केले. गीतेवरील त्यांची निष्ठा त्याने तसूभरही ढळली नाही. ज्याचे स्वतःचे पारायण पक्के, त्यास दुसऱ्याचे पारायण समजून घेता येते. ज्याने आपलीच पोथी कधी शेवटपर्यंत वाचली नाही, तोच दुसऱ्याच्या पोथीस भितो, असे आमचे मत आहे.

मोडलेल्या देवळांचा विसर पडावा, असे आम्ही सुचवीत नाही. मंगेशीस आणि कवळ्यास दर्शनास जाणाऱ्या प्रत्येकाने तो इतिहास जाणावा. पण त्याबरोबर हेही जाणावे की, ज्यांची देवळे गेली त्यांच्यातील मागे राहिलेल्यांनी कथेचा आणि क्रमाचा संस्कार सोडला नाही. श्रद्धेचे स्थान बदलले, ओवी बदलली नाही. बोथसारख्या गावी, जेथे राज्य एका भाषेचे आणि पोथी दुसऱ्या भाषेची, तेथे या गोष्टीचे मोल अधिक कळावे. पुढील सप्ताहास आपण आपली पोथी उघडाल तेव्हा पहिल्या ओवीपासून शेवटल्या ओवीपर्यंत ती क्रमाने वाचा, एवढीच आमची विनंती. साष्टीतील त्या श्रोत्यांनीही असेच, एकेक अवस्वरू करून, आपले दुःख मागे टाकले असेल.