व्यक्तिमत्त्व सिद्धांत आणि खाशाबा जाधव : एक ऐतिहासिक विचार

क्रीडा मानसशास्त्रातील व्यक्तिमत्त्वविषयक चिंतन दीर्घकाळ गुणविशेष सिद्धांताच्या प्रभावाखाली होते. विल्यम शेल्डन यांनी १९४० च्या दशकात शरीरयष्टी व स्वभाव यांची सांगड घातली. रेमंड कॅटेल यांची सोळा घटकांची प्रश्नावली १९४९ मध्ये आली. आयसेंक यांनी अंतर्मुखता-बहिर्मुखता व भावनिक स्थैर्य यांवर भर दिला. यशस्वी खेळाडूचा स्वभाव मोजता आला की निवडीचा प्रश्न सुटतो, अशी समजूत यातून दृढ झाली. १९६० च्या दशकात अमेरिकेत ऑगिल्वी व टुटको यांच्या चाचण्या थेट संघांपर्यंत पोहोचल्या, त्या याच समजुतीतून.

महाराष्ट्रातील एका उदाहरणावर ही समजूत तपासणे उद्बोधक ठरते. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पदकानंतर त्यांच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु जिद्द १९४८ मध्येही होतीच. मधल्या चार वर्षांत बदलली ती परिस्थिती. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लास गादीवरील कुस्तीचा व आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव झाला, वजनगट बदलला. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी तर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. हा घटक कोणत्या प्रश्नावलीत मोजावयाचा?

वर्तन हे व्यक्ती व परिसर या दोहोंचे फलित असते, हे कुर्ट लेविन यांनी १९३० च्या दशकातच मांडले होते. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये गुणविशेष चाचण्यांच्या भाकीतक्षमतेवर कठोर टीका केली. त्यानंतर आंतरक्रियावादी दृष्टिकोन क्रीडा मानसशास्त्रात रुजला. रेनर मार्टेन्स यांनी सर्वसाधारण स्वभावाऐवजी स्पर्धेतील चिंता मोजणारी चाचणी १९७७ मध्ये सिद्ध केली, ती याच दिशेने.

आपल्याकडील शारीरिक शिक्षणाचे अनेक प्रबंध मात्र अद्याप खेळाडू व बिगर-खेळाडू यांच्या एकदाच घेतलेल्या गुणांची तुलना करून थांबतात. स्वभावामुळे विद्यार्थी खेळाकडे वळला की खेळामुळे स्वभाव घडला, हे अशा तुलनेतून कळणे शक्य नाही. साखरखेर्ड्यासारख्या ग्रामीण भागात प्रथम वर्षाच्या मल्लाची चाचणी घेऊन तीच तृतीय वर्षात पुन्हा घ्यावी आणि दरम्यान त्याला गादी किती दिवस मिळाली, याचीही नोंद ठेवावी.