वऱ्हाडची घरची भाकर

आज ज्यास यवतमाळ जिल्हा म्हणतात तो १९०५ पूर्वीं सरकारी कागदांत वणी जिल्हा या नांवानें नोंदला जाई. त्या सालीं वाशीम जिल्हा मोडला, त्यांतील पुसद तालुका इकडे जोडण्यांत आला, आणि जिल्ह्याचें नांवही पालटलें. या मुलखाविषयीं इंग्रजी अमदानींत जें लिहिलें गेलें त्यांत कापसाची जागा फार मोठी आहे. कापसाखालीं जमीन किती, भाव काय, सरकी काढण्याचे कारखाने कोठें, रेल्वे कोणत्या गांवावरून न्यावी, या गोष्टी अधिकाऱ्यांनीं बारकाईनें पाहिल्या. लोक रोज काय खातात या प्रश्नाचें उत्तर मात्र बहुधा एक-दोन वाक्यांतच आटोपलेलें असतें: जवारीची भाकर. उत्तर खरें आहे. पण जी वस्तु प्रत्येक घरांत प्रत्येक दिवशीं भाजली जात होती तिचा इतिहास एवढ्यावर कसा संपेल? कापूस घरांतून बाहेर जाई. भाकर शेतांतून घरांत येई. या दोहोंची सांगड कशी होती आणि ती कशी सुटली, हें पाहण्यासारखें आहे.

आरंभींच एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. विस्तवांत पुरून भाजलेला पाव ही कांहीं परकीयांचीच विद्या नव्हे. वऱ्हाडांत रोडगे होतात. गव्हाचें जाडसर पीठ घट्ट मळून त्याचे गोळे करावयाचे, गोवऱ्यांचा निखारा पडूं द्यावयाचा, त्यांत ते गोळे पुरावयाचे, आणि भाजल्यावर राख झटकून, फोडून, तूप घालून वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खावयाचे. पानांत गुंडाळून भाजले म्हणजे पानगे. एकनाथांच्या भारुडांतील सासुरवाशीण भवानीस रोडग्याचाच नवस बोलते. तेव्हां हा प्रकार जुना आहे यांत संशय नाहीं. परंतु रोडगा हा नवसाचा, यात्रेचा, शेतांतल्या जेवणावळीचा. गहूं या भागांत रब्बीचा आणि थोडका. शिवाय गोवऱ्यांचा एवढा जाळ एका कुटुंबासाठीं रोज घालणें कोणास परवडणार? आणखी एक गोष्ट मला लक्षणीय वाटते. रोडगे पुष्कळदां पुरुष भाजतात. मंदिराच्या आवारांत भाजतात, चारचौघांत भाजतात, आणि त्यांची वाहवा होते. भाकर स्त्रिया भाजतात. ती चुलीच्या धुरांत होते, आणि तिच्याबद्दल कोणी कांहीं बोललेंच तर ती करपल्यावर बोलतो.

भाकरीची कृति पाहतां ती सोपी दिसते. तें दिसणेंच फसवें आहे. गव्हाच्या कणकेंत जो चिवट अंश असतो, ज्याच्या बळावर पोळी लाटतां येते आणि पाव फुगतो, तो जवारींत नाहीं. म्हणून जवारीचें पीठ नुसत्या थंड पाण्यांत मळलें तर गोळा धरीत नाहीं. कढत पाणी घातलें म्हणजे पिठांतील पिष्ट थोडें शिजतें व चिकटतें. हीच त्या गोळ्याची सारी बांधणी. मग काठवटींत तळहाताच्या टांचेनें रगडून रगडून मळावयाचें, कोरडें पीठ पसरून थापावयाचें, थापतांना भाकर हातानेंच फिरती ठेवावयाची, तव्यावर टाकतांच वरून पाण्याचा हात फिरवावयाचा, आणि एक बाजू तव्यावर व दुसरी निखाऱ्यापुढें उभी धरून भाजावयाची. आंतील वाफेनें पापुद्रा सुटून ती टम्म फुगली म्हणजे साधली. पुसद-दिग्रसकडील बंजारा तांड्यांवर हिलाच बाटी म्हणतात. नांव निराळें, हात तोच.

परंतु खरी मेख पिठांत आहे. जवारीचें पीठ शिळें झालें कीं त्याची चिकटाई जाते, त्यास कडवट वास येऊं लागतो, आणि थापतांना भाकरीच्या कडा फाटतात. याचा अर्थ असा कीं दळण महिन्याचें करून ठेवतां येत नाहीं. पिठाच्या या एका गुणधर्मानें महाराष्ट्रांतील लक्षावधि स्त्रियांची पहाट ठरविली. कोंबडा आरवण्याच्या आधीं जात्यावर बसावयाचें, त्या दिवसापुरतें दळावयाचें, मग चूल पेटवावयाची, आणि शेताची वाट धरण्यापूर्वीं भाकरी फडक्यांत बांधून तयार ठेवावयाच्या. जात्यावरच्या ओव्या येथूनच निघाल्या. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनीं खेड्यापाड्यांतून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. या ओव्यांची गोडी कोणीं नाकारावी? तथापि, त्या ज्या दगडाभोंवतीं रचल्या गेल्या तो ओढतांना खांदे भरून येत, हेंही त्याच ओव्या सांगतात. गांवांत तेलावरची गिरणी आली तेव्हां तिच्या पिठाला चव नाहीं अशी कुरकूर झाली. ती कुरकूर करणारे बहुधा जेवणारे होते, दळणाऱ्या नव्हत्या.

आतां शेताकडे वळूं. जवारी खळ्यावर आली म्हणजे ती एका घराची राहत नसे. सुतार, लोहार, न्हावी, चांभार यांचें बलुतें खळ्यावरच मोजलें जाई. सालदाराच्या वार्षिक करारांत रुपयांबरोबर जवारीचे कुडव ठरत. राहिलेलें धान्य मोठे शेतकरी पेवांत भरीत. पेव म्हणजे जमिनींत खणलेली, कडब्यानें अस्तर केलेली कोठी. तिच्यांत धान्य वर्षानुवर्षें टिके. मात्र तोंड उघडल्यावर आंतील दूषित हवा निघून गेल्याशिवाय खालीं उतरणें म्हणजे मृत्यूच्या तोंडीं जाणें, हें लहान पोरासही ठाऊक असे. एका पावसाळ्यानें दगा दिला तर मागच्या पावसाळ्याची जवारी पेवांत आहे, हा त्या काळचा धीर होता.

ज्यांस पेव नव्हतें त्यांची भाकर निराळी होती. गांवकामगार महाराच्या वांट्यास दारोदार मागून आणलेल्या भाकरी येत. त्यास हक्क म्हणत, पण तो हक्क अंगण ओलांडीत नसे. १९२७ सालीं महाड येथील परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं असें मागून आणलेलें शिळें अन्न सोडा असा उपदेश केला, तो नुसता आचारशुद्धीचा उपदेश नव्हता. आपल्या घरची भाकर आपल्या कमाईच्या पिठाची असावी, ही त्यांतील मागणी होती. दया पवारांच्या १९७८ सालच्या आत्मकथेनें 'बलुतं' हें नांव घेतलें, त्या एका शब्दांत हा सर्व हिशेब आलेला आहे. आपण 'घरची भाकर' हे शब्द ममतेनें उच्चारतों, तेव्हां कोणाचें घर आणि कोणाचें दार, हें विसरून चालत नाहीं.

१८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं झालें. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, तेथील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं मुंबईची रेल्वे नागपुरास पोंचली. मूर्तिजापुराहून यवतमाळास अरुंद मापाची गाडी गेली तीही कापसासाठींच. अशा स्थितींत जवारी नाहींशी व्हावयास हवी होती. पण झाली नाहीं. याचें कारण बैलांत आहे. कापसाची जमीन बैल नांगरी, कापसाची गाडी बैल ओढी, आणि बैल कडबा खाई. कडबा म्हणजे जवारीचें ताट. शिवाय कापसामागून जवारी, जवारीमागून कापूस अशी पाळी ठेवल्यानें जमिनीचा कस राहत असे, आणि कापसाच्या तासांतून जवारी-तुरीच्या ओळी घालण्याची चाल होती. म्हणजे विकावयाच्या पिकानें खावयाच्या पिकास एकदम हांकलून दिलें नाहीं. त्याच्या खांद्यावर बसून तें चाललें.

तरी तोल बिघडला होताच. पेवांतली जवारी गाड्यांतून बाजारास जाऊं लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं वऱ्हाडास जें दाखविलें तें भयंकर होतें. संपन्न म्हणून ज्याची ख्याति तो प्रांत उपासानें व रोगानें माणसें गमावूं लागला. धान्य रेल्वेनें येऊं शकत होतें. तें घेण्यास मजुराच्या कनवटीस पैसा नव्हता. लक्ष्मण सत्य यांनीं वऱ्हाडचा कापूस व दुष्काळ यांवर १९९७ सालीं जो ग्रंथ लिहिला त्यांत या दोहोंचा संबंध जोडून दाखविला आहे. त्यांचा सर्वच आरोप मान्य न करणाऱ्यासही एवढें कबूल करावें लागेल कीं ज्या घरांत पेव रिकामें झालें त्या घरीं रेल्वेनें भाकर पोंचविली नाहीं.

भाकरीचे गोडवे गाणाऱ्यांस एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. १९६० च्या सुमारास हैदराबाद येथील पोषणविषयक प्रयोगशाळेंत डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं असें दाखविलें कीं दख्खनच्या पठारावर जवारीवरच निर्वाह करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नांवाचा त्वचेचा व मेंदूचा रोग आढळतो. जवारींतील ल्यूसिन या द्रव्याच्या आधिक्याकडे त्यांनीं बोट दाखविलें. त्यावर पुढें मतभेदही झाले. दोष भाकरीचा कीं भाकरीबरोबर ताटांत दुसरें कांहीं नसण्याचा, हें ज्यानें त्यानें ठरवावें. भाकर, चून, अंबाडीची भाजी आणि ताकाची वाटी हें एक जेवण. भाकर आणि मीठ-मिरची हें दुसरें.

यापुढील प्रकरण यवतमाळ जिल्ह्याच्याच एका पुत्राशीं निगडित आहे. पुसद तालुक्यांतील गहुली येथें १९१३ सालीं जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. धान्याच्या टंचाईनें राज्य गांजलें असतां १९६५ सालीं, दोन वर्षांत महाराष्ट्र स्वयंपूर्ण झाला नाहीं तर मला फांशीं द्या, अशा अर्थाचें भाषण त्यांनीं पुण्यांत केलें. त्यांच्या हातांत साधन होतें संकरित जवारीचें. सीएसएच-१ हें पहिलें वाण १९६४ सालीं निघालें होतें. ताट बुटकें, पीक लवकर येणारें, दाणा पुष्कळ. पण वऱ्हाडची जवारी खरिपाची. गांवरान वाण पाऊस उघडल्यावर दाण्यास येई. हें नवें वाण पाऊस चालू असतांनाच भरे, आणि ओल्या कणसांवर बुरशी चढून दाणा काळा पडे. त्या पिठाची भाकर काळसर व फिकी होई. ताट बुटकें म्हणून कडबाही कमी. बैलानेंही आपलें मत नोंदविलेंच. गांवच्या बोलींत 'हायब्रीड' हा शब्द दिसावयास भरदार आणि आंतून पोकळ अशा माणसासही लागूं लागला. हें सर्व खरें असलें तरी १९७२ च्या दुष्काळांत लोकांनीं रेशनवर परदेशची तांबडी मिलो रांगा लावून घेतली, तेव्हां पोट भरणें आणि चव लागणें यांतील अंतर सर्वांस पुन्हां कळलें. नाईकांनीं वाढविलेल्या पिकास नांवें ठेवणाऱ्यांनीं ती रांग आठवावी.

शेवटचा पालट मात्र दुष्काळानें केला नाहीं. तो सोयीनें केला. १९९० नंतर सोयाबीन पसरलें. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. नांगरटीस ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, आणि ज्या कडब्यासाठीं जवारी टिकली होती त्याचीच गरज सरली. शिवारांत सगळ्यांची जवारी असतांना पांखरें सगळ्यांची थोडीथोडी खात. एकट्याची जवारी उभी राहिली कीं सारे थवे तिच्यावरच उतरतात, आणि रात्रीं रानडुकरें येतात. त्या भयानें तो एकटाही पुढल्या वर्षीं पेरीत नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें भरड धान्य एक रुपया किलो, गहूं दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये असा दर बांधला, व २०२३ पासून हें धान्य मोफत झालें. परंतु दुकानांत मिळतो तो बहुतकरून गहूं आणि तांदूळ. त्याच २०२३ सालीं जगानें भरड धान्यांचें वर्ष साजरें केलें. शहरांतल्या उपाहारगृहांत भाकर ही मागवून घेण्याची वस्तु झाली, आणि यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं पोळी रोजची झाली. यांत पोळीचा अपराध नाहीं. पहाटे उठणाऱ्या बाईस लाटणें थापण्यापेक्षां सोपें, कणीक पंधरा दिवस टिकणारी, आणि पोळी एकेकाळीं पाहुण्यासाठींच होत असल्यामुळें मुलांसही ती मोठेपणाची वाटणारी. परंतु ज्या जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर झालें, त्यांत पीक बुडालें तर घरांत खाण्यास आपल्या शेतांतला दाणा नसतो, ही गोष्ट चवीच्या वादाहून पुष्कळ मोठी आहे. पूर्वीं कापूस बुडाला म्हणजे देणें थके. आतां पिकाबरोबर किराणाही थकतो.

तरी कांहीं घरांत भाकर अजून रोज होते. म्हातारीं माणसें पोळी पचत नाहीं म्हणून मागतात, मधुमेहाच्या भीतीनें तरुणही मागूं लागले आहेत. जवारी बाजारांतून विकत आणावी लागते व ती गव्हाहून महाग पडते. गिरणीवर आणखी एक अडचण उभी राहते. गव्हाच्या पाठोपाठ जवारी दळली कीं पिठांत कणीक मिसळते, म्हणून बायका जवारीवरच जवारी दळून मागतात. पण जवारीचीं गिऱ्हाइकें थोडीं झाल्यावर गिरणीवाल्यास तिची पाळी रोज लावणें परवडत नाहीं. मग डबा ठेवून यावयाचें, पाळी लागेल तेव्हां आठ दिवसांचें दळण एकदम आणावयाचें. पहिले दोन-तीन दिवस भाकर चांगली फुगते. आठव्या दिवशीं, पाणी कितीहि कढत घातलें तरी, थापतांना कडा फाटतात.